बांध्यांचं कुरण करताना

गाव उठलं की तिथं जंगल आपोआप परत येतं, असं पाहुण्यांना वाटतं. प्रत्यक्षात आधी येतो तरोटा, म्हणजे टाकळा. घरांच्या जोत्यांवर तरोटा, खळ्यात तरोटा, गोठ्यांच्या जुन्या शेणखतावर तर कमरेएवढा तरोटा. त्याच्या मागून रानतुळस. आणि गावाच्या खालच्या अंगाला, जिथं धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं होती, तिथं लव्हाळा, बेशरम आणि जनावर तोंड लावत नाही असं राठ, उंच गवत.

मी पूर्व विदर्भातल्या एका व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात वनरक्षक आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या राखणीच्या हद्दीत, अशा साधारण १२ हेक्टर बांध्या आहेत. गाव पुनर्वसन घेऊन बाहेर गेलं त्याला काही वर्षं झाली होती. त्या बांध्यांचं चितळांसाठी कुरण करायचं असं आराखड्यात आलं आणि काम माझ्याकडे आलं.

कुरण कशाला, हे फार सांगायला नको. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात, असा ढोबळ हिशेब आहे. ती जनावरं जगायची तर गवत हवं, आणि दाट जंगलाच्या सावलीत गवत फारसं नसतं. ताडोब्यात नवेगाव, जामणी. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड. ही गावं उठली आणि त्यांच्या शेतांवर कुरणं झाली. त्यांचे फोटो आमच्याकडे सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे आमच्याकडेही तसंच होणार असं धरूनच कामाला सुरुवात झाली होती.

पण आमची जमीन नुसतं पडीक शेत नव्हतं. धान लावायच्या आधी बांधीत पाणी कोंडून चिखलणी करतात. नांगर, बैलांचे पाय, माणसांचे पाय, दरवर्षी तोच चिखल. त्यानं मातीचे कण फुटून बसतात आणि वीतभर खाली एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी खाली झिरपत नाही. धानाला हेच हवं असतं. कितीतरी पिढ्यांनी पाणी धरून ठेवायला घडवलेली ही जमीन, आणि वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस. लोक गेले तरी धुरे, म्हणजे बांध्यांभोवतीचे मातीचे बांध, तसेच उभे होते आणि पाणीही तसंच साचत होतं. फक्त त्यात धान नव्हतं.

कागदावर उपाय सोपा होता. मधोमध चर खणायचा, पाणी नाल्यात सोडायचं, जमीन सुकली की ट्रॅक्टर घालायचा आणि बी फेकायचं. चराचं मोजमाप घेता येतं, ट्रॅक्टरचे तास लिहिता येतात. ज्या कामाचं मोजमाप पुस्तिकेत नीट लिहिता येतं ते काम सरकारी माणसाला बरं वाटतं, त्यात मीही आले. मला अडचण वेगळीच वाटत होती. ते पाणी येतं कुठून आणि किती दिवस टिकतं, हे आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम २९ नुसत्या झाडाझुडपांपुरतं नाही. अभयारण्यात येणारा किंवा बाहेर जाणारा पाण्याचा प्रवाह वळवणं, अडवणं, वाढवणं, हेही त्यात येतं. वनपाल साहेबांना मी एवढंच म्हटलं, "साहेब, एक उन्हाळा बघू द्या, मग चर खणू." ते हो म्हणाले. बजेट यायला तसाही वेळ होता.

मग ऑक्टोबरात बांधी-बांधी फिरायला सुरुवात केली. सोबत त्याच गावातले एक काका, आता नव्या वस्तीत राहतात आणि आमच्याकडे रोजंदारीवर येतात. यातल्या वरच्या बांध्या त्यांच्याच घरच्या. गवत छातीएवढं, त्यामुळे काठ्या आपटत, मोठ्यानं बोलत शिरायचं. एक माणूस मागे धुऱ्यावर उभा, नजर ठेवायला. अस्वल झोपलेलं असू शकतं, वाघ तर असतोच.

अशा जमिनीत काय करायचं ते तिथं आधीपासून उगवलेलं गवतच सांगतं, फक्त ते ओळखता यायला हवं. काडी उपटायची आणि दोन बोटांत फिरवायची. तीन धारा लागल्या, मधे कांडं नाही, म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातलं. इथं पाणी बराच काळ उभं असतं. काडी गोल आणि तिला कांडी आहेत, म्हणजे गवत. कांड्याच्या पेराभोवती पांढऱ्या बारीक केसांचं कडं दिसलं तर तो मारवेल, आणि मारवेल दिसला की मला हायसं वाटायचं. भारी जमीन आणि थोडे दिवसांचं पाणी तो सोसतो, चितळ आवडीनं खातं, खाल्ल्यावर परत फुटतो. पाण्यात उभं, लांब कुसाचं, दाणा हात लावताच गळून पडणारं देवधान जिथं होतं, ती सगळ्यात खोल जागा. कोदो आणि सावा त्याच्या थोडं वर. पवन्या फक्त धुऱ्यांच्या माथ्यावर आणि वरच्या कडेला, जिथं पाय बुडत नाही. पाणकणीस दिसलं की तिथं पुढे जायचंच नाही.

या खुणा मी नकाशाच्या झेरॉक्सवर रंगीत पेन्सिलींनी भरत गेले. पुढे जमिनीत खड्डे घेतले तेव्हा मातीनंही तेच सांगितलं. वरच्या बांध्यांत मोरंड माती, हातात घेतली तर ढेकूळ फुटतं, रंग सगळीकडे सारखा. खाली उतरत गेलो तसा कन्हार लागला, काळा आणि चिकट. सगळ्यात खालच्या बांधीत दोन वितींवर माती राखाडी-निळसर झाली आणि तिच्यात मुळांच्या वाटांनी गंजाच्या रंगाचे ठिपके. जिथं पाणी महिनोन्‌महिने मातीतली हवा अडवून बसतं तिथं लोहाचे असे रंग होतात. वासही आला, कुजक्या अंड्यासारखा. काकांनी ती माती हातात घेतली, वास घेतला आणि टाकून दिली. म्हणाले, "हे बांधी कधीच वखरली नाई आमी. फसते."

बी सगळ्यात शेवटी पेरायचं असतं, पण गोळा सगळ्यात आधी करावं लागतं. ही गोष्ट कामाच्या वेळापत्रकात कुणीच धरत नाही. पाऊस पडल्यावर बियांची मागणी केली तर बाजारातलं बी येतं, आणि गाभा क्षेत्रात कुठलंतरी बाहेरचं बी टाकायला माझा विरोध होता. एका बैठकीत स्टायलो हे चाऱ्याचं पीक टाकायचं सुचवलं गेलं. लवकर वाढतं, हिरवं दिसतं, पाहणीला कुणी आलं की बरं दिसतं. द्विदल आहे, मातीत नत्रही धरतं, हे सगळं खरं. पण ते अमेरिका खंडातलं झाड. गावाच्या गायरानात टाका, माझं काही म्हणणं नाही. इथं घाणेरी, रानतुळस आणि बेशरम एवढे तीन परदेशी उपटता उपटता कंबर मोडायची, त्यात आणखी एकाला आपण हातानं आणायचं? द्विदल हवंच असेल तर बांध्यांत रानमूग होता. त्याच्या शेंगा गोळा केल्या.

मारवेल आणि पवन्याचं बी आमच्याच बीटमधल्या जुन्या माळांवरून घेतलं. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरभर. सगळं एकदम पिकत नाही; एकाच कणसाचं टोक गळून गेलेलं असतं आणि बूड हिरवं असतं. कणीस चिमटीत धरून खालून वर ओढायचं. बी सहज सुटून हातात आलं तर पिकलं, ओढ लागली तर आठवडाभर थांबायचं. गोळा झालेल्या बियांत फोल फार निघतं. दिसायला भरगच्च केसाळ पोतं, पण चिमूटभर घेऊन तळहातावर चोळलं की कळतं. दाणा असेल तर कण लागतो, नाहीतर नुसता भुसा. म्हणून आम्ही प्रत्येक जागेचं बी आधी चोळून बघायचो आणि मग ठरवायचो की इथं वेळ घालवायचा की नाही.

कुसळीपासून मात्र लांब राहायचं. तीही याच दिवसांत पिकते, काळ्या कुसांचे पीळ पडलेले गुच्छ होतात आणि मोजे, सलवार, पोती सगळ्याला टोचून बसतात. कोवळी असताना जनावर खातं, पण कुसं आली की नाही. दोन पोती कुसळीमिश्रित आली ती रोजंदारीवरच्या बायांनी बसून निवडली. निवडताना त्यांनी आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

बी सावलीत वाळवून कापडी पोत्यांत भरलं आणि नाक्यावरच्या खोलीत वाशांना टांगलं. प्लास्टिकच्या पोत्यात घाम धरतं. टांगलं ते उंदरांसाठी. या गवतांचं ताजं बी तसंही नीट उगवत नाही, त्याला काही महिने झोप लागते. नोव्हेंबरचं बी जूनपर्यंत ठेवणं ही अडचण नव्हतीच, उलट त्याचा फायदाच होता.

हिवाळ्यात राठ गवत कापलं. विळ्यानं, घोट्याएवढं ठेवून. "जाळून टाका ना, एका दिवसात मोकळं होईल," हा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. जाळल्यावर कोवळं फुटतं आणि चितळं त्यावर येतात, हे दिसायला छान दिसतं. पण दरवर्षी आग मिळाली की कुसळी आणि डाभासारखी गवतं जोर धरतात आणि मारवेलाची पिछेहाट होते. आणि १५ फेब्रुवारीपासून आमचा वणव्याचा हंगाम सुरू होतो. ज्या हातांनी वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या त्याच हातांनी गाभ्यात काडी लावायची, हे मला पटत नव्हतं. कापलेलं गवत फुकट गेलं नाही. ज्या पट्ट्यांत तरोटा भरून होता तिथं ते जाड पसरलं. जाड थराखालून तरोट्याची रोपं कमी वर येतात.

ट्रॅक्टरही मला नको होता. तरोट्याच्या बियांचं कवच इतकं टणक असतं की ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. नांगरलं की ते वर येतं, घासलं जातं, उजेड पाहतं, आणि पहिल्या पावसात सगळं शेत तरोट्याचं. त्यातून ओल्या कन्हारात ट्रॅक्टर घातला तर चाकांखाली आणखी एक घट्ट थर, आणि मागे निघणारी ढेकळं उन्हात विटेसारखी. आम्ही फक्त वरच्या बांध्यांत, वापसा आल्यावर, कुदळीनं हातभर अंतरावर ओळी खरवडल्या. वापसा बघायची रीत शेतकऱ्याचीच: मूठभर माती दाबायची, गोळा झाला तर अंगठ्यानं ढकलायचा. फुटला तर काम करा, चेपून राहिला तर घरी जा.

एप्रिल उजाडला. काका ऑक्टोबरपासून म्हणत होते, "मॅडम, उन्हाळ्यात या, मंग सांगा पाणी काढाचं का ठेवाचं." आम्ही दोघं आणि आणखी एक मजूर दुपार टळल्यावर गेलो. माळ सगळा करडा, साग निष्पर्ण, नाल्यात वाळू. आणि बांध्यांच्या खालच्या टोकाला बोडीच्या पाळीखालून सुरू झालेला हिरवा पट्टा. बोडी म्हणजे गावाचं छोटं तळं, धानाला शेवटचं पाणी द्यायला बांधलेलं. तिची मातीची पाळ जुनी झालीय, खेकड्यांनी पोखरलीय, आणि तिच्यातून पाणी थेंबाथेंबानं पाझरत राहतं. बोडीत ढोपरभर पाणी उरलं होतं, तरी खालच्या बांध्यांची माती दाबली की बोट ओलं होत होतं. त्या पट्ट्यावर हरळी होती, मारवेलाचे फुटवे होते, आणि ते सगळं दातांनी इतकं जवळून कापलेलं की जणू कुणी कात्री फिरवलीय. चितळांच्या लेंड्या, गव्यांचं शेण, रानडुकरांनी लव्हाळ्याच्या गाठींसाठी उकरलेले खड्डे, कडेला सांबरांच्या लोळणीचा चिखल.

चराचा प्रश्न तिथंच मिटला. पावसाळ्यात चितळाला कुठंही गवत मिळतं; तेव्हा त्याला आमच्या कुरणाची गरज नसते. एप्रिल-मेमध्ये हिरवं कुठं आहे, यावर कुरण कामाचं की नाही ते ठरतं. आणि उन्हाळ्यात हिरवं राहणारी एकमेव जागा आम्ही चर खणून सुकवायला निघालो होतो. मध्य प्रदेशातल्या कान्ह्याची गोष्ट या खात्यात बहुतेकांना माहीत असते: १९७० साली तिथं बारशिंगे फक्त ६६ उरले होते, आणि ते सावरले त्यात उठलेल्या गावांच्या जागी वाढलेल्या उंच, ओलसर गवताचा मोठा वाटा होता. आमच्याकडे बारशिंगा नाही, पण ओलं कुरण हे वाईट कुरण नसतं, एवढं त्यावरून सांगता आलं. साहेबांना हिरव्या पट्ट्याचे फोटो दाखवले. पाळ दुरुस्त करायची का, असाही प्रश्न निघाला. पाळ फुटणार नाही इतपत वरून माती घातली, पाझर तसाच ठेवला.

पण पावसाळ्यातलं पाणी तरी कमी करावं लागणारच होतं. मारवेल थोडे दिवस पाण्यात राहतो, महिनाभर बुडून राहत नाही. मग ठरलं ते असं की वरच्या बांध्या निथळायच्या, मधल्यांत पाणी उथळ ठेवायचं, आणि सगळ्यात खालच्या बांध्यांना हातच लावायचा नाही.

मेमध्ये धुऱ्यांचं काम घेतलं. पातळी बघायला यंत्र नव्हतं, गवंड्याची पारदर्शक नळी होती. नळीत पाणी भरायचं, आतला बुडबुडा काढायचा, दोन माणसांनी दोन टोकं दोन काठ्यांना धरायची, पाणी दोन्हीकडे स्थिर झालं की खूण करायची. बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं, म्हणून दर वेळी सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून बघायची. काकांना नळीची गरज नव्हती; ते आधी सांगायचे आणि नळी मागून तेच सांगायची. एकाच बांधीबद्दल त्यांचं आणि नळीचं जमलं नाही, तेव्हा ते म्हणाले की मधल्या वर्षांत गव्यांनी धुरा दाबलाय. बघितलं तर खरंच तिथून त्यांची वाट होती.

धुरे पाडले नाहीत. ते पाडले असते तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी सरळ उतारानं धावलं असतं आणि माती घेऊन गेलं असतं. प्रत्येक धुऱ्याला एक तोंड पाडलं. वरच्या बांधीचं तोंड डाव्या कोपऱ्यात, तर तिच्या खालचीचं उजव्या कोपऱ्यात, म्हणजे पाणी नागमोडी जाईल आणि वेग धरणार नाही. तोंडाचा उंबरठा किती उंच ठेवायचा यावर बांधीत किती पाणी उभं राहणार हे ठरतं. वरच्या बांध्यांत जमिनीच्या बरोबरीनं, मधल्यांत चार बोटं वर. उंबरठ्यावर दगड बसवले, नाहीतर पाणी एका पावसात ते तोंड हातभर खोल करून ठेवतं. पहिल्या पावसाळ्यात एक तोंड तरीही उखडलं. दगड लहान होते. मोठे बसवले.

धुऱ्यांच्या माथ्यावर घाणेरी होती. कोरडी जागा तिला आवडते. वरून कापली तर चौपट फुटते, जाळली तरी फुटते. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सांगितलेली पद्धत वापरली: खोडाच्या बुडाशी माती मोकळी करून, जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीनं तोडायचं, कारण फुटवे त्याच्या वरच्या भागातून येतात. मग सगळं झुडूप उलटं करून ठेवायचं, मुळं आभाळाकडे, म्हणजे परत रुजत नाही. पक्षी बी आणतात तेव्हा नवी रोपं येणारच. ती लहान असताना हातानं निघतात. बेशरम याच्या उलट. त्याच्या तुटलेल्या कांडीचा तुकडा ओल्यात पडला की तिथंच मूळ धरतो. म्हणून ते तोडून तिथं टाकायचं नाही, सगळे तुकडे वेचून वरच्या खडकावर उन्हात वाळवायचे. बोडीच्या पोटात ते आहे आणि तिथलं काम पाणी पूर्ण उतरल्यावर, मेच्या शेवटी दोन आठवडे मिळतात तेवढंच.

जूनच्या शेवटी पाऊस लागला. पेरणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बी चाळलेल्या ओलसर मातीत आणि राखेत कालवलं, नाहीतर केसाळ बी वाऱ्यावर उडून जातं. खरवडलेल्या ओळींवर फेकलं आणि वरून बोरीची फांदी ओढली. हे बी बोटाच्या पेराएवढंही खोल गेलं तर वर येत नाही. मधल्या बांध्यांत बी टाकलंच नाही; ते तरंगून सगळं एका कोपऱ्यात गोळा झालं असतं. तिथं जुलैमध्ये मारवेलाचे ठोंब, म्हणजे मुळांसकटचे झुबके, लावले, शेंडे वीतभर ठेवून छाटलेले, अर्ध्या मीटरवर एक. चिखलात वाकून लावणं बायांना नवं नव्हतं. धानाची लावणी करतो तसंच, असं म्हणत त्यांनी ते उरकलं, आणि मी एक ओळ लावेपर्यंत त्या तीन लावून पुढे गेलेल्या असायच्या.

खरी मेहनत पुढे, ऑगस्ट-सप्टेंबरात. तरोटा आणि रानतुळस फुलावर आले की उपटायचे. आधी उपटले तर मागून नवे येतात, उशीर झाला तर बी पडतं. फुलं आली आहेत पण शेंग धरलेली नाही, असे मोजके दिवस मिळतात. माती ओली असते, मुळासकट येतं. नुसतं कापलं तर तरोटा बुडाशी फांद्या काढून जमिनीलगत शेंगा धरतो. सगळ्या १२ हेक्टरवर एकदम हे होत नाही, म्हणून आम्ही वरून खाली, पाण्याच्या दिशेनं गेलो. खालून सुरुवात केली तर वरचं बी वाहून परत खाली येतं.

आणि चितळं. ती काही कुरण तयार व्हायची वाट बघत नाहीत. लावलेला ठोंब मूळ धरायच्या आत उपटून खातात. पूर्ण क्षेत्राला कुंपण घालणं परवडणारं नव्हतं आणि गाभ्यात तारेचं कुंपण मला नकोच होतं. घाणेरीच्या वाळलेल्या काट्या आणि बोरीच्या फांद्या यांचं तात्पुरतं कुंपण फक्त ठोंब लावलेल्या पट्ट्यांना केलं. डुकरांनी ते दोन ठिकाणी उघडलं. लव्हाळ्याच्या गाठी काढता काढता त्यांनी मारवेलही उलथला, पण जिथं त्यांनी उकरलं तिथं लव्हाळा खरंच कमी झाला, हे पुढच्या वर्षी दिसलं. त्यामुळे डुकरांबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

शिवाय एक-एक मीटरचे जाळीचे पिंजरे काही ठिकाणी बसवले. कुरणात गवत दिसत नसेल तर दोन कारणं असतात, उगवलं नाही किंवा उगवलेलं खाल्लं गेलं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. पाहणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी "इथं काहीच आलं नाही" म्हटलं तेव्हा मी त्यांना पिंजऱ्याजवळ नेलं. आत गुडघ्याएवढा मारवेल, बाहेर जमिनीलगत कापलेले बुंधे. त्यांनी फोटो काढला.

आता दुसरा पावसाळा सरलाय. मधल्या बांध्यांत मारवेलाचे ठोंब एकमेकांना भिडायला लागलेत, त्यांच्यामध्ये सावा आणि कोदो आपोआप आला. खालच्या बांध्या जशा होत्या तशा आहेत, देवधान आणि लव्हाळ्याच्या, आणि गवे तिथंच जास्त दिसतात. वरच्या बांध्यांत पवन्या विरळच आहे. ओळी सोडून मधे तरोटा अजून जोरात आहे. यंदा तिथं बियांऐवजी पवन्याचे ठोंब लावून बघणार आहे. काकांचं म्हणणं आहे की वरच्या दोन बांध्यांची तोंडं अजून चार बोटं खाली घ्यायला हवीत, भादव्यात तिथं पाय बुडतो. नळी परत काढायची आहे. बियांची पोती या वेळी जास्त लागतील, तेव्हा दिवाळीच्या आधी बायांना निरोप पाठवलाय, आणि कुसळीच्या माळाकडे जायचं नाही असं त्यांनीच उलट कळवलंय.